‘हें पद कोणें दिलें?’ : देवळाच्या रंगमंचावरील एका समूहनृत्याचे प्रकरण

हे प्रकरण गोव्यातल्या एका वाड्यावरचे आहे. गाव, देऊळ आणि माणसे ओळखू येतील असे सगळे तपशील बदलले आहेत. शीर्षकातले ‘पद’ म्हणजे गाणे; त्याचे नावही दिलेले नाही. ते दिले की सगळी चर्चा ते गाणे चांगले की वाईट यावर घसरते, आणि इथे तो प्रश्न दुय्यम आहे. गाण्याची आवडनिवड ज्याची त्याची असते. दहा वर्षांच्या मुलीला त्या गाण्यावर हजार माणसांसमोर उभे करणे हा मात्र कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. तो कोणी, कधी घेतला, हे शोधायला या वाड्याला दोन आठवडे लागले.

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातला सुमारे १४० घरांचा वाडा. देवळाचा मूर्तिप्रतिष्ठापना वर्धापनदिन फेब्रुवारीत दोन दिवस साजरा होतो. पहिल्या दिवशी अभिषेक, सत्यनारायण पूजा, महाप्रसाद, संध्याकाळी पालखी, मग पावणी (देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव) आणि त्यानंतर वाड्यावरच्या मुलांचा विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम. दुसऱ्या रात्री स्थानिक नाट्यमंडळाचे मराठी नाटक.

कामाची वाटणी वर्षानुवर्षे चालत आलेली. देवस्थान समिती परवाने काढते आणि पैशांचे पाहते. युवक मंडळ रंगमंच, ध्वनी, प्रकाश आणि निवेदन सांभाळते. मुलांची नृत्ये वाड्यावरच्याच कोणीतरी मुली बसवतात. त्या वर्षी हे काम महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका १९ वर्षांच्या मुलीने अंगावर घेतले. मानधन नाही. जाण्यायेण्याचा खर्चही तिचाच. चार गट, मिळून २७ मुले. ‘गट ब’ म्हणजे ९ ते १२ वयाच्या आठ मुली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गोव्याच्या देवळांतली नाटकाची परंपरा सैल नाही. नाटक ठरले की आधी संहितेचे वाचन होते. तालीम मास्तर असतो, प्रॉम्प्टर असतो, कोणते वाक्य गाळायचे ते वहीत पेन्सिलीने खुणावलेले असते. रंगमंचावर बोलला जाणारा प्रत्येक शब्द त्याआधी कोणीतरी मोठ्याने वाचलेला असतो. त्याच देवळात, त्याच फळ्यांवर, आदल्या रात्री मुले ज्या गाण्यांवर नाचतात ती गाणी मात्र कोणीही वाचलेली नसतात. नृत्याला संहिता असते हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

गाणे कसे ठरले

तालमी जानेवारीच्या मध्यापासून सुरू झाल्या. आठवड्यातून तीन दिवस, सभामंडपात, पाऊण तास. गट ब साठी आधी फुगडीच्या चालीवरचे एक गाणे घेतले होते आणि ते निम्म्याहून अधिक बसलेही होते. कार्यक्रमाला दहा दिवस असताना मुलींनी ते बदलायचा हट्ट धरला. शेजारच्या वाड्यावरच्या मुलींनी सध्या सगळीकडे वाजणारे एक गाणे घेतले होते. त्यापुढे आपली फुगडी फिकी पडेल, ही त्यांची भीती. शिकवणाऱ्या मुलीने एका संध्याकाळी होकार दिला.

तिने गाणे ऐकले होते का? ऐकले होते, पण रीलमध्ये वाजतो तो तीस सेकंदांचा तुकडाच. त्यात मुखडा आणि एक ठेका, शब्द निरुपद्रवी. नृत्यातल्या पायऱ्याही त्याच तुकड्यावरून उचललेल्या. तालमीत तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावून आठ-आठ मात्रांचे आकडे पक्के केले गेले. पूर्ण गाणे ३ मिनिटे ३८ सेकंदांचे. ते पहिल्यांदा वाजले शेवटच्या दोन तालमींत, मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, आठ मुलींच्या पैंजणांच्या आवाजात. दुसरा अंतरा २ मिनिटे ५ सेकंदांनी सुरू होतो. त्यात एक दारू प्यायलेला पुरुष बाईच्या शरीराविषयी बोलतो. शब्द आडवळणाचे आहेत, पण मोठ्या माणसाला न कळण्यासारखे नाहीत.

हा दोष एकट्या त्या मुलीचा नव्हे. आज बहुतेक नृत्ये अशीच बसतात: आधी रील दिसते, मग पायऱ्या, मग गाणे, आणि शब्द सर्वांत शेवटी किंवा कधीच नाही.

पुढे बैठकीत दोन युक्तिवाद झाले. पहिला, ‘टीव्हीवर याहून वाईट चालते.’ टीव्हीवरही हे बिनदिक्कत चालावे असे सरकारने म्हटलेले नाही. जून २०१९ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने खाजगी वाहिन्यांना सूचना काढली होती. नृत्याच्या रिॲलिटी कार्यक्रमांत लहान मुलांना त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या, सूचक रीतीने दाखवू नये, असे तीत म्हटले होते. दुसरा युक्तिवाद, ‘गाणे सेन्सॉर होऊनच येते.’ हे गाणे सिनेमातले नव्हते. ते सरळ ऑनलाइन प्रसिद्ध झालेले होते, आणि अशा गाण्यांना चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागतच नाही. सिनेमातले असते तरी प्रमाणपत्र सबंध सिनेमाला मिळते. २०२४ च्या नव्या नियमांनंतर यूए वर्गातही (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायचे सिनेमे) ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे आले आहेत. सिनेमागृहात ती फोड ज्या कारणासाठी आहे, तेच कारण देवळाच्या रंगमंचावर नाहीसे होत नाही.

त्या रात्री

दुपारी ४ वाजता रंगमंचावर एकदा पूर्ण तालीम घ्यायचे ठरले होते. मंडपात महाप्रसादाच्या पंगती लांबल्या आणि तालीम रद्द झाली. पालखी साडेसहापर्यंत परतेल असा अंदाज होता. ती ७ वाजून ५० मिनिटांनी आली, त्यावर पावणी. कार्यक्रम सुरू झाला ८.२० ला. ध्वनिक्षेपकाचा परवाना रात्री १० पर्यंतचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणा-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण तो दिवस त्यात नव्हता. म्हणजे १०० मिनिटांत १४ कार्यक्रम. निवेदकाच्या हातातल्या यादीत पाचव्या क्रमांकावर एवढेच लिहिले होते: ‘समूहनृत्य, गट ब’. गाण्याचे नाव नाही. गाणी पेन ड्राइव्हमध्ये होती, आणि ध्वनिवाल्याला फक्त क्रमांक ठाऊक.

मुखडा झाला, टाळ्या पडल्या. दुसरा अंतरा सुरू झाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन-तीन बायकांनी एकमेकींकडे पाहिले. त्याच वेळी वाड्यावरचे एक प्रतिष्ठित गृहस्थ ५०० रुपयांची नोट घेऊन रंगमंचावर चढले. त्या वर्षीचा ध्वनिव्यवस्थेचा खर्च त्यांनीच उचलला होता. नाटकात, दशावतारात नटाला बक्षीस द्यायची आपली पद्धत जुनी आहे. पण ती नोट निवेदकाकडे जाते आणि नाव पुकारले जाते. हे गृहस्थ मुलींच्या मध्ये उभे राहून दहा-बारा सेकंद नाचले. निवेदकाने उत्साहात ‘वन्स मोअर’ पुकारले. ध्वनिवाल्याने गाणे मागे नेऊन पुन्हा लावले, तेही नेमके त्या अंतऱ्यापासून.

दाराशी बसलेल्या एका आजीने मोठ्याने विचारले, “हें पद कोणें दिलें?” कोणी उत्तर दिले नाही.

या क्षणी काय करता आले असते, ते सांगणे आवश्यक आहे, कारण अशी वेळ कुठेही येऊ शकते. गाणे धाडकन बंद केले तर मुले गोंधळतात. आपलेच काही चुकले असे त्यांना वाटते आणि काही जणी रंगमंचावरच रडू लागतात. आवाज चार-पाच सेकंदांत हळूहळू उतरवायचा, त्याच वेळी निवेदकाने टाळ्या वाजवत पुढे यायचे आणि ‘जोरदार टाळ्या!’ म्हणायचे. मुलांना वाटते नृत्य संपले. ती नमस्कार करतात आणि विंगेत जातात. यासाठी ध्वनिवाला आणि विंगेतला माणूस यांच्यात एक खूण आधी ठरलेली लागते, उदाहरणार्थ उजवा हात वर. त्या रात्री अशी खूण नव्हती, आणि ती देण्याचा अधिकार कोणाला हेही ठरले नव्हते.

क्लिप

युवक मंडळाच्या एका २२ वर्षांच्या सदस्याने ४१ सेकंदांचे चित्रण केले. त्यात नेमके ते गृहस्थ मुलींमध्ये नाचताना दिसत होते. रात्री ११.२० ला त्याने ते आपल्या सार्वजनिक इन्स्टाग्राम खात्यावर टाकले. हेतू कौतुकाचाच होता. वाड्याचे नाव, देवळाचे नाव, मुलींना शाबासकी, सगळे त्याने लिहिले होते. चित्रणातला आवाज स्पष्ट येईना म्हणून त्याने ॲपमधलेच मूळ गाणे त्यावर जोडले. इथे घात झाला. ज्या गाण्याचा ध्वनी जोडला जातो, त्या गाण्याच्या पानावर ती रील इतर हजारो रीलच्या ओळीत जाऊन बसते. वाड्याबाहेरच्या, राज्याबाहेरच्या लोकांपुढे ती तिथून पोचली. वाड्याच्या २१२ जणांच्या व्हॉट्सॲप गटातही त्याने ती टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती १८ हजारांवर वेळा पाहिली गेली. प्रतिक्रियांत काहींनी त्या गृहस्थांना झोडपले, काहींनी देवळाला. काही प्रतिक्रिया मुलींविषयी होत्या. त्या इथे देत नाही.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी चार वाजता, नाटकाच्या आधी, समिती घाईने बसली. चार मते पुढे आली.

पहिले मत: काही करू नये, चार दिवसांत लोक विसरतात. यात तथ्य एवढेच की बाहेरचे लोक विसरतात. वर्गातली मुले विसरत नाहीत.

दुसरे मत सर्वांत जोरात मांडले गेले आणि जवळजवळ मान्यही झाले होते. नृत्य बसवणाऱ्या मुलीने नाटकाच्या आधी रंगमंचावरून सर्वांची क्षमा मागावी आणि पुढे तिला काम देऊ नये. आमच्या मते या प्रकरणातला हा सर्वांत धोक्याचा क्षण होता, आदल्या रात्रीच्या अंतऱ्यापेक्षाही. तिची चूक खरी होती. पण त्या साखळीत निदान सहा मोठी माणसे होती. त्यांतल्या सर्वांत तरुण, विनामूल्य राबणाऱ्या आणि उलटून बोलू न शकणाऱ्या मुलीच्या गळ्यात सगळे बांधले की बाकीचे पाच सुटतात. शिवाय त्या माफीचेही चित्रण झाले असते.

तिसरे मत: यापुढे सिनेमाची आणि ऑनलाइन गाणी बंद, फक्त लोकगीते आणि भक्तिगीते. ऐकायला बरे वाटते. पण शिगम्यातल्या सगळ्या ओळी लहान मुलांसमोर म्हणण्याजोग्या असतात असे गावात वाढलेला कोणी म्हणणार नाही. लावणीची गोष्ट तर वेगळी सांगायला नको. उलट, सिनेमात मुलांसाठी लिहिलेली सुंदर गाणी आहेत. ‘लोक’ किंवा ‘फिल्मी’ या शिक्क्यावरून शब्द कळत नाहीत, शब्द वाचावेच लागतात.

चौथे मत समितीवरच्या निवृत्त शिक्षिकेचे. वाड्यावर सगळे त्यांना टीचर म्हणतात. त्या म्हणाल्या, “आधी क्लिप, मग मुली, मग आपण. माफीचे नंतर बघू.” हा क्रम सगळ्यांनी धरला, आणि त्यामुळे पुढचे बरेच सावरले.

काय केले

क्लिप हटवण्याआधी पुरावा घेतला. खात्याचे नाव, दुवा, तारीख, वेळ आणि आक्षेपार्ह प्रतिक्रियांचे स्क्रीनशॉट, मुलींचे चेहरे झाकून, एकाच माणसाच्या फोनमध्ये ठेवले. हे आधी करावे लागते, कारण पोस्ट गेली की त्याखालच्या प्रतिक्रियाही जातात आणि पुढे तक्रार करायला हातात काही उरत नाही. मग त्या तरुणाने आपली रील काढली. तोवर रात्रीचे ८.३० झाले होते, म्हणजे एकवीस तास उलटले होते.

व्हॉट्सॲप गटातला संदेश प्रशासकाने सर्वांसाठी हटवला. ही सोय सुमारे अडीच दिवसांपर्यंतच चालते, म्हणून उशीर करून भागत नाही. गटातून पुढे गेलेल्या प्रती आणि फोनच्या गॅलरीत उतरलेल्या प्रती मात्र त्याने जात नाहीत. म्हणून गटात एक छोटा संदेश गेला: ‘काल रात्रीच्या मुलींच्या नाचाचा व्हिडिओ आपल्या फोनमधून काढावा आणि कोणाला पाठवला असेल तर त्यांनाही काढायला सांगावे. निषेध करण्यासाठीही तो पुढे पाठवू नये. या मुली आपल्या आहेत.’ निषेधाचे वाक्य मुद्दाम घातले होते. अशा वेळी ‘बघा किती वाईट’ म्हणून पाठवलेल्या प्रती कौतुकाच्या प्रतींपेक्षा जास्त फिरतात.

दोन बाहेरच्या पानांनी रील उचलली होती. ‘सगळ्यांनी जाऊन रिपोर्ट करा’ अशी सूचना एकाने केली, ती टीचरनी थांबवली. शंभर जणांना दुवा दिला की शंभर जण आधी ती पाहतात. मुलगी १३ वर्षांखालील असेल तर पालकाला तिच्या वतीने चित्रण काढण्याची विनंती करता येते. एका मुलीच्या आईने तो अर्ज भरला. पहिल्या पानावरची प्रत दोन दिवसांत गेली, दुसरीसाठी पुन्हा अर्ज करावा लागला, ती सहाव्या दिवशी गेली. मुलींविषयी घाणेरडे लिहिणाऱ्या एका खात्याची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर केली. १०९८ हा बालकांसाठीचा हेल्पलाइन क्रमांकही आठही घरांना देऊन ठेवला.

मुलींशी बोलणे हा सर्वांत नाजूक भाग. आठही जणींना एकत्र बसवायचे नाही असे ठरले. गटात एक बोलते आणि बाकीच्या मान हलवतात. टीचर घरोघरी गेल्या, आई किंवा आजी जवळ असताना बोलल्या. ‘तू का नाचलीस’ हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही, ही एकच अट. त्यांनी विचारले: नाच कसा झाला? मग काय झाले? कशाचे वाईट वाटले?

एका मुलीचे उत्तर सगळ्यांनी ऐकावे असे होते. “आम्हाला शब्द कळलेच नाहीत. आम्ही आकडे मोजत होतो.” समूहनृत्य शिकलेल्या कोणालाही हे पटेल. आठच्या आवर्तनात पाय कुठे, हात कुठे, शेजारची कुठे, यातच सारे लक्ष असते. दुसरी म्हणाली, काका मध्ये आले तेव्हा तिची जागा चुकली आणि त्याचेच तिला वाईट वाटले. तिसरीला घरी ऐकवले गेले होते, ‘तुलाच हौस होती ना त्या गाण्याची.’ त्या रात्री कुठल्याही अनोळखी प्रतिक्रियेने केली नसेल एवढी जखम या एका वाक्याने केली होती.

अकरा वर्षांची एक मुलगी पाच दिवस शाळेत गेली नाही. वर्गातला एक मुलगा तिला पाहिले की त्या अंतऱ्याची ओळ म्हणायचा. टीचर आणि तिची आई शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटल्या. मुलाला वर्गासमोर न रागावता बाजूला घेऊन सांगितले गेले, त्याच्या घरीही कळवले. सहाव्या दिवशी ती शाळेत गेली.

पुढच्या रविवारी सभामंडपात बैठक झाली, ३१ जण आले. बोलण्याआधी प्रत्येकाला कागदाचा एक तुकडा दिला. प्रश्न ‘चूक कोणाची’ हा नव्हता. प्रश्न होता: ‘हे थांबवता येण्याजोगा माझा क्षण कोणता होता?’ नावे घालायची. शिकवणाऱ्या मुलीने लिहिले, पूर्ण गाणे ऐकले नाही तो. युवक मंडळाच्या अध्यक्षाने लिहिले, गाण्यांच्या नावाविना यादी आली तेव्हा विचारले नाही. ध्वनिवाल्याने दुपारी पेन ड्राइव्ह तपासताना तो अंतरा ऐकला होता, समितीला माहीत असणार असे त्याला वाटले. निवेदकाने एकच शब्द लिहिला: वन्स मोअर. चित्रण टाकणाऱ्या तरुणाने लिहिले की मुलींच्या घरी विचारायला पाच मिनिटेही लागली नसती. तीन आयांनी लिहिले की शेवटच्या तालमीतच त्यांना खटकले होते, पण ‘सगळ्यांना चालते तर आपण कशाला बोला’ म्हणून त्या गप्प बसल्या.

वाचून झाल्यावर सभामंडपात बराच वेळ शांतता होती. मग त्या १९ वर्षांच्या मुलीने विचारले, “गेल्या वर्षीच्या नाटकात दुहेरी अर्थाचे विनोद होते, तेव्हा हीच मुले पुढच्या रांगेत होती. तेव्हा कोणी का नाही बोलले?” प्रश्न रास्त होता. मोठा नट आपण काय बोलतो ते जाणून बोलतो, मूल जाणत नाही, हा फरक खराच. पण प्रेक्षकांत बसलेल्या मुलाला तो फरक उपयोगाचा नाही. यावर बैठकीत एकमत झाले नाही.

बक्षीस देणाऱ्या गृहस्थांकडे समितीचे दोघे जण गेले. “मी कौतुकच केले, पैसे दिले, वाईट काय केले?” असे ते म्हणाले. पुढच्या वर्षापासून कोणीही रंगमंचावर चढायचे नाही, एवढे त्यांनी मान्य केले. मुलींच्या घरी जाऊन दोन शब्द बोलायला ते तयार झाले नाहीत.

गाण्याचे वाचन

पुढच्या वर्षी जी पद्धत घातली ती नाटकाच्या रिवाजावरूनच उचललेली आहे. पहिल्या तालमीला पाऊल टाकायचेच नाही. गाण्याचे शब्द कागदावर पूर्ण लिहून काढायचे आणि संगीताशिवाय मोठ्याने वाचायचे. वाचणारा मोठा माणूस, ऐकायला निदान दोन पालक. ठेका काढून घेतला की शब्द उघडे पडतात, हे एकदा करून पाहिले की पटते. वाचताना एकच कसोटी: हे वाक्य कोण, कोणाला म्हणते आहे, आणि तेच वाक्य ही मुलगी शाळेच्या वऱ्हांड्यात म्हणाली तर चालेल का?

गाणे चांगले पण एक कडवे नको असेल तर कापता येते. साधे ध्वनिसंपादन ॲप पुरते. कापताना ओळीच्या शेवटी नव्हे, ठेक्याच्या आवर्तनाच्या शेवटी कापायचे, नाहीतर मुलींचा आठवा आकडा हवेत राहतो. लहान मुलांच्या नृत्याला अडीच मिनिटे भरपूर होतात. शेवटी तीन सेकंदांचा उतार. कापलेली प्रत पहिल्या आठवड्यातच तालमीला वापरायची. शेवटच्या दिवशी कापली तर मुले जुन्याच प्रतीप्रमाणे चुकतात.

प्रत्येक गाण्यामागे एक चिठ्ठी: गाण्याचे पूर्ण नाव, लांबी, गट, वय, आणि ‘हे गाणे मी पूर्ण वाचले’ याखाली एकाच मोठ्या माणसाची सही. एकाचीच, या मुद्द्यावर समितीत खूप वाद झाला. तीन सह्या असल्या तर जास्त सुरक्षित असे वाटते, पण प्रत्यक्षात तिघेही दुसऱ्याने वाचले असेल असे धरून चालतात. गाणे बदलले तर नवी चिठ्ठी, आणि कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी बदल बंद.

निवेदकाच्या यादीत गाण्याचे नाव असते. ध्वनिवाल्याकडे त्याच क्रमाने नावे दिलेल्या फाइली, फोनवरून वाजवायचे असेल तर फोन विमान मोडवर. विंगेत एक जण फक्त खुणेसाठी. ‘वन्स मोअर’ मुलांच्या कार्यक्रमात नाही. बक्षिसे पाकिटातून निवेदकाकडे. चित्रण एकच माणूस करतो आणि पालकांना त्यांच्या मुलाचे थेट पाठवतो, सार्वजनिक खात्यावर टाकायचे तर गटातल्या सगळ्या घरांची संमती. प्रेक्षकांचे फोन मात्र अडवता आलेले नाहीत. कार्यक्रमाआधी विनंती केली जाते, काही लोक ऐकतात.

परिणाम आणि उरलेले प्रश्न

दुसऱ्या वर्षी १४ ऐवजी ९ कार्यक्रम झाले. दोन घरांनी मुलींना पाठवले नाही. शिकवणाऱ्या मुलीला टीचरनी स्वतः जाऊन बोलावले. ती आली, पण एकाच गटासाठी, आणि पहिल्या वाचनात दोन गाणी तिनेच बाद केली. तीन गाण्यांतली कडवी कापली गेली. मुलांनी फारशी कुरकुर केली नाही, अपेक्षेपेक्षा कमीच. पाच दिवस शाळेत न गेलेली मुलगी नाचली नाही. तिने निवेदनातला एक भाग केला.

क्लिपची एक प्रत पाच महिन्यांनी पुन्हा एका पानावर दिसली. जपून ठेवलेले पुरावे आणि आधीचा अर्ज हाताशी असल्याने या वेळी ती काढून घ्यायला तीन दिवस लागले.

मागे वळून पाहता सर्वांत स्वस्त थांबा अगदी सुरुवातीलाच होता: दहा दिवस आधी गाणे बदलताना शब्द वाचण्यासाठी लागणारी पंधरा मिनिटे. त्यानंतरचा प्रत्येक थांबा आधीच्यापेक्षा महाग होत गेला. दुपारची रद्द झालेली तालीम मंडपाबाहेर अंगणात नुसती गाणी वाजवूनही घेता आली असती. रात्री क्लिप पाहिलेल्या मोठ्या माणसांपैकी एकाने जरी त्या तरुणाला फोन केला असता, तर ती साडेअकराला निघाली असती आणि एकवीस तास वाचले असते. निदान ४० जणांनी ती त्या रात्रीच पाहिली होती. त्या संध्याकाळच्या समितीच्या बैठकीला एकाही मुलीची आई बोलावली नव्हती, हीही चूकच. निर्णय त्यांच्या मुलींबद्दल चालला होता.

त्या रात्रीची ५०० रुपयांची नोट मुलींनी घेतली नाही. गृहस्थ ती परत घ्यायला तयार नाहीत. देणगी म्हणून लिहायला खजिनदाराचे मन होत नाही. समितीच्या जमाखर्चात ती अजून ‘अनामत’ या सदरात पडून आहे.